आबा लॅपटॉपचे दात बघतात

रविवार, संक्रांत नुकतीच होऊन गेलेली. ठिकाण: धारूर, मुस्तफाभाईंच्या गॅरेजवरची खोली. हजर: मी; माझी मुलगी मृणाल; लॅपटॉप विकणारी रुखसाना; तिचे वडील मुस्तफाभाई; जुना लॅपटॉप, नग एक; आणि किसनआबा. यांपैकी आबांना कोणीही बोलावलेलं नव्हतं.

आबा माझे चुलत सासरे. बीडजवळ पालीला राहतात. कोणीही समोर आलं की आधी त्याचे दात बघतात. माणूस बोलत असतो, हसत असतो, निवडणुकीवर मत देत असतो आणि आबा शांतपणे त्याच्या तोंडात बघत असतात. गावात नवा तलाठी आला, त्याने पारावर बसून आपलं शिक्षण, गाव, आधीच्या बदल्या सगळं सांगितलं. तो गेल्यावर लोकांनी विचारलं, "आबा, कसा वाटला?" आबा म्हणाले, "चारदाती हाय अजून, कवळा. एकदम वजं टाकू नगा."

यात चेष्टा नाही. आबांनी उमेदीचा सगळा काळ बैल पारखण्यात घालवला. नेकनूरच्या बाजारात कोणालाही बैल घ्यायचा असला की आबांना सोबत नेत. दात बघून वय, खूर बघून चाल, डोळे बघून स्वभाव. मग घरोघर ट्रॅक्टर आले. आबांच्या स्वतःच्या गोठ्यातही आता ट्रॅक्टरच उभा असतो. पण पारखायची नजर काही ट्रॅक्टरने बंद होत नाही. मग नातेवाइकांत कोणी काहीही जुनं घ्यायला निघालं की आबा टोपी घालून हजर होतात. त्यांना बातमी कशी लागते, हे मला आजवर कळलेलं नाही.

आमचा जुना फ्रिज त्यांनीच पास केला. दार उघडून बराच वेळ आत बघत उभे राहिले. विकणाऱ्याला वाटलं म्हातारबाबांना उकडतंय. दिराची स्कूटर बघताना ते मागच्या बाजूने जवळ गेले नाहीत. "मागनं कवा जाऊ न्हाई," म्हणाले. बाजूने आले, सीटवर थाप मारली, तिला आपली ओळख दिली आणि मग हँडल धरलं.

आणि मी. लग्नाआधी पाहुणे मला बघायला आले होते. बाकीच्यांनी शिक्षण विचारलं, स्वयंपाक विचारला. आबा म्हणाले, "पोरी, जरा दारापतूर चालून दाव." मी चालले. ते माझ्या सासऱ्यांना म्हणाले, "घ्या. पाय सरळ टाकती." सासरी या घटनेचा उल्लेख आजही होतो. माझी निवड गुणांवर झाली असं मी मुलीला सांगते, ते तसं खरंच आहे.

आता माझ्याबद्दल. मी बीडला एका कॉलेजच्या कार्यालयात काम करते आणि याद्या करते. बाजाराची यादी, प्रवासाची यादी, पाहुणे गेल्यावर काय काय करायचं त्याची यादी. नवरा म्हणतो, यादी करायची आहे हेही मी आधी यादीत लिहिते. एकदाच लिहिलं होतं.

मृणालची मंगळवारी सकाळी परीक्षा होती. पुण्याच्या एका कंपनीत शिकाऊ म्हणून घेणार होते, त्याची घरून द्यायची परीक्षा. फोन चालणार नव्हता. लॅपटॉपच हवा, कॅमेरा चालू हवा आणि खोलीत दुसरं कोणी नको. तिच्या मैत्रिणींना त्याच वेळी तीच परीक्षा, म्हणजे उसना मिळण्याची आशा नाही. दोन वर्षं पोरीने याचीच तयारी केलेली. आठवडाभर ती जेवताना ताटाकडेही बघत नव्हती. नवीन लॅपटॉप आम्हाला परवडणारा नव्हता. अशात तिच्याच कॉलेजातून पुढे गेलेल्या रुखसानाने निरोप पाठवला की माझा विकायचा आहे. तिला पुण्यात नोकरी लागली होती आणि तिथे कंपनीचा मिळाला होता.

मी कामाला लागले. इंटरनेटवर शोधलं, कार्यालयातल्या मुलांना विचारलं आणि 'जुना लॅपटॉप घेण्यापूर्वी तपासायच्या बाबी' अशी दोन पानी यादी केली. पडदा, बिजागऱ्या, बटणं, बॅटरी, कॅमेरा, आवाज, पंखा, चार्जर, मूळ बिल, आधीच्या मालकाचं खातं काढलं की नाही. प्रत्येक बाबीपुढे चौकट. तळाशी पेन्सिलीने, बारीक अक्षरात, आमची किमतीची शेवटची मर्यादा.

रविवारी सकाळी आम्ही बसस्थानकावर पोचलो तर आबा धारूरच्या गाडीत जागा धरून बसलेले. मांडीवर उपरणं.

"आबा, तुम्ही कुठे?"

"जनावर बघाया चाललाव न्हवं?"

"लॅपटॉप आहे, आबा."

"तेच की. खिडकीपाशी बस, सूनबाई. घाटात वारं लागंल."

धारूरला मुस्तफाभाईंनी जिन्यातच स्वागत केलं. त्यांचे हात ग्रीसने काळे, म्हणून त्यांनी कोपर पुढे केलं आणि आबांनी ते गंभीरपणे हातात घेऊन हलवलं. वर रुखसानाने लॅपटॉप सतरंजीवर ठेवला होता. पुसून लख्ख केलेला.

मी चष्मा लावला, यादी काढली. पहिली बाब, पडदा. पांढरं पान उघडायचं आणि काळे ठिपके शोधायचे. मला लगेच सापडला. वरच्या कोपऱ्यात, ठसठशीत. मी रुखसानाकडे जरा कडक नजरेने बघितलं. ठिपकाही तिच्याकडे गेला. मृणालने न बोलता माझा चष्मा काढला, ओढणीने पुसला आणि परत लावला.

पुढे कॅमेरा. तो सुरू झाला आणि त्यात एक सुजलेली, थकलेली, संशयी बाई दिसली. 'चित्र सदोष' असं मी लिहायला घेतलं.

"आई, कॅमेरा चांगलाय," मृणाल म्हणाली. "तू अशीच दिसतेस."

तोवर आबा बाजूबाजूने सरकत लॅपटॉपपाशी आले होते. त्यांनी झाकणावर थोपटलं. मग बोट घालून एकेक बटण दाबायला लागले.

"दात झिजलेत."

"बटणं आहेत ती, आबा," मृणाल म्हणाली.

"किती वर्साचं हाय?"

"चार झाली," रुखसाना म्हणाली.

"मंजी दात जुळलेलं, पुऱ्या वयाचं. आन् कामाला किती येळ जुपायची?"

रुखसाना हसली, पण उत्तर तिने मन लावून दिलं. "सकाळपासून रात्रीपर्यंत, आबा. अभ्यास, प्रोजेक्ट, सगळं ह्याच्यावरच."

"मोकळं सोडायची का बांधलेलं?"

मी आणि मृणालने एकमेकींकडे बघितलं. रुखसानाच्याच लक्षात आलं. "चार्जरला लावलेलाच असायचा बहुतेक. होस्टेलला लाइट जायची ना."

"बांधलेलंच," आबांनी मान हलवली. त्यांना चार्जर म्हणजे काय ते अशा रीतीने समजलं आणि त्या समजुतीतून पुढे काय होणार आहे, याची मला कल्पना नव्हती. मी बॅटरीच्या चौकटीत खूण करत होते.

आबांचं सगळंच बरोबर निघालं असं नाही. पंखा सुरू झाला तर त्यांनी खालून तळहात लावला आणि जाहीर केलं, "अंग तापलंय. धाप लागली. ह्येला इसावा द्या." मृणालने पंखा काय असतो ते समजावलं. आबांनी ऐकून घेतलं आणि चहाबरोबर आलेला पाण्याचा गडवा उचलून लॅपटॉपच्या तोंडाशी नेला. आम्ही तिघी एकदम ओरडलो. खालून मुस्तफाभाई पाना घेऊन धावत आले.

"काहून वरडता गं?" आबा दचकून म्हणाले. "पाजत न्हवतो. नुस्तं दावत होतो."

सगळे स्थिर झाल्यावर त्यांनी गडवा लांब ठेवला आणि आपला ठरलेला प्रश्न विचारला. हा ते फ्रिजवाल्यालाही विचारतात, स्थळ घेऊन येणाऱ्यालाही.

"खोड सांग आधी, बाळा."

रुखसानाने वडिलांकडे बघितलं. मग म्हणाली, "उजवीकडची बिजागरी ढिली आहे. झाकण हळू उघडायचं. आणि शिफ्टचं बटण कधी कधी दोनदा दाबावं लागतं. डावीकडचं दाबलं की काम होतं. मी तसंच करायचे."

"घ्या," आबा मला म्हणाले. "मालक खरा हाय."

माझ्या यादीचं अख्खं दुसरं पान बाकी होतं. मी तसं सांगितलं.

"तू कर तुझं," आबा म्हणाले आणि मुस्तफाभाईंकडे वळले. "तुमी धारूरचेच का?"

"हौ आबा. अब्बा नालबंद होते आपले. बाजारात बैलांना नाल मारायचे."

आबांचा चेहरा उजळला. "पाय उचलून धरायचे, गुडघ्यावर घ्यायचे, ते दाढीवाले?"

"वहीच!"

पुढचं माझ्या हातात राहिलं नाही. आबांनी मांडीवरचं उपरणं उलगडलं, दोघांच्या हातांवर टाकलं आणि बाजारात चालायचा तसा सौदा सुरू झाला. कपड्याखाली बोटं धरायची, दाबायची, सोडायची. तोंडातून आकडा काढायचा नाही. उपरणं मधूनच हलायचं. आबा छताकडे बघत होते, मुस्तफाभाई खिडकीतून धारूरच्या किल्ल्याकडे. मी आणि रुखसाना, म्हणजे घेणारी आणि देणारी, एकमेकींकडे बघत बसलो.

मधेच मुस्तफाभाई म्हणाले, "क्या आबा, मार डालोगे क्या!"

आबा म्हणाले, "तोंडानं न्हाई. हातानं बोला."

शेवटी उपरणं बाजूला झालं, दोघांनी हात मिळवले आणि आबांनी माझ्या कानात आकडा सांगितला. तो माझ्या यादीच्या तळाशी पेन्सिलीने लिहिलेला आकडा होता. बरोबर तोच. गाडीत मी डुलक्या घेत असताना आबांनी दोन पानांतली तेवढी एकच ओळ वाचली होती.

"आबा, काहीच कमी केलं नाही?" मी दबक्या आवाजात विचारलं.

"पोरीच्या वस्तूचा भाव पाडू न्हाई."

"मग एवढा वेळ काय चाललं होतं?"

"नालबंदाच्या लेकाला सौदा येतो का बघत व्हतो. येतो."

मी बाकीच्या चौकटी भरल्या, बिलावर रुखसानाची सही घेतली, तिचं खातं काढून झाल्याची खात्री केली. सगळीकडे खुणा. असं नीटनेटकं काम बरेच दिवसांत झालं नव्हतं, असं मला वाटलं आणि ते मी मृणालला दोनदा सांगितलं.

घरी आल्यावर मृणाल लॅपटॉप घेऊन बसली. संध्याकाळी तिने हाक मारली, "आई, चार्जर दे."

पिशवी पाहिली. माझी पर्स पाहिली. पिशवी उलटी केली. यादीत 'चार्जर मूळचा आहे. वायर चिरलेली नाही. पिन ढिली नाही' अशा तीन खुणा होत्या. 'चार्जर पिशवीत ठेवणे' अशी बाब नव्हती.

आबा त्या रात्री आमच्याकडेच मुक्कामाला होते. पलंगावर बसून ज्वारीच्या लाह्या खात होते.

"त्ये वायर व्हय?" ते म्हणाले. "पोरीला माघारी दिली म्या."

"का?"

"जनावर इकलं तरी दावं इकत न्हाईत, सूनबाई. बांधायची ती दोरी मालकाकडं ऱ्हाती. आपलं दावं आपण न्यायचं असतं. मी म्हन्लो तिला, आमच्या घरी हाय."

त्यांनी भिंतीवरच्या मोबाइलच्या चार्जरकडे बोट दाखवलं.

मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. आवाज मात्र शेजारी गेला, कारण शेजारीण काय झालं म्हणून बघायला आली. मृणालने लॅपटॉप बंद केला, उरलेली बॅटरी वाचावी म्हणून, आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. ते मला जास्त लागलं. आबांनी लाह्यांची वाटी बाजूला ठेवली.

सोमवारी सकाळी मी कार्यालयात रजा टाकली आणि बाजार गाठला. ही पिन जुन्या पद्धतीची, बारीक. सुभाष रोडला विचारलं, स्टेडियमपाशी विचारलं. एक जण म्हणाला, "मागवतो मॅडम, संभाजीनगरहून येईल, परवा-तेरवा." परवा-तेरवा परीक्षा संपलेली असणार. दुपारी घामाघूम होऊन घरी आले तर आबा नव्हते. टोपी नव्हती, चपला नव्हत्या. रागावून पालीला गेले, असं मला वाटलं. आणि खरं सांगायचं तर, आता यांची समजूत काढायचं एक काम वाढलं, असंही वाटलं.

रुखसानाला फोन केला. चार्जर धारूरहून येणाऱ्या गाडीच्या कंडक्टरकडे देता येईल का, एवढं विचारायचं होतं.

"काकू, आबा इथेच आहेत ना," ती म्हणाली. "सकाळीच आले. अब्बांसोबत जेवायला बसलेत. अब्बा सोडतच नाहीत."

आबा ऊन उतरता उतरता आले. चार्जर उपरण्यात गुंडाळलेला, छातीशी धरलेला. त्यांनी तो मृणालच्या हातात दिला. मृणालने लावला. लॅपटॉपच्या कडेला छोटा दिवा लागला. पोरगी आठवड्यात पहिल्यांदा हसली आणि आबांच्या गुडघ्यापाशी जाऊन बसली.

मी चहा ठेवला. भाजीला शेंगदाण्याचं कूट घालायचं होतं, तेही तसंच ठेवलं आणि बाहेर येऊन बसले.

"रुखसानाने काही म्हटलं का?" मी विचारलं.

"काय म्हननार? हासली. म्हन्ली, आबा, मी तुमाला कालच सांगत होते ह्याच्याबिगर चालत न्हाई. तुमीच ऐकलं न्हाई." आबा बशीतला चहा फुंकत राहिले. मग म्हणाले, "काल तू सही घेत व्हतीस तवा तिचा हात बघितला का?"

"नाही."

"झाकनावर व्हता. पिशवीत घातलं तरी पिशवीवर व्हता. लई दिस वापरलेलं. पोरगी हासत व्हती पर हात निघत न्हवता."

माझ्या यादीत मालकाच्या हाताबद्दल बाब नव्हती.

"माजा शेवटचा बैल इकला," आबा म्हणाले, "तवा घेणारा घाईत व्हता. टेम्पो उबा. म्हन्ला, दावं ऱ्हाऊ द्या तसंच. म्याबी म्हन्लो, ने. आता आपल्याला काय करायचं दाव्याचं, घरी दुसरं जनावर हाय कुटं. आन् घरी आलो. सांच्याला सवयीनं गोठ्यात गेलतो. खुटा तसाच. हातात कायबी न्हाई." त्यांनी बशी खाली ठेवली. "दावं असतं तर गुंडाळून ठिवलं असतं. तेवडंच काम झालं असतं हाताला."

मृणालने त्यांचा हात धरला. आबांनी तो सोडवून घेतला आणि तिला म्हणाले, "जा, अभ्यास कर. डावीकडचं बटन दाब, उजवीकडचं खोडीचं हाय."

परीक्षा झाली. मृणालने डावीकडचंच बटण दाबलं. निवडही झाली. आता ती पुण्याला जायची तयारी करते आहे आणि त्याची यादी मी करते आहे.

मधल्या काळात, त्या सोमवारी दुकानात मागवून ठेवलेला नवा चार्जर आला. जुना रिकामा झाला. रुखसानाला विचारलं तर ती पुण्याहून म्हणाली, "राहू द्या काकू, काय करू मी त्याचं? फेकून द्या." आबांना हे मान्य नाही. दावं उसनं आणलं होतं, ते मालकाच्या घरी नेऊन द्यायचं. मुस्तफाभाईंच्या हातात. तेही म्हणे, आपण दोघांनी जाऊन.

मी ते यादीत लिहिलं आहे. 'चार्जर धारूरला परत देणे (आबांसह).' पहिल्या रविवारी कार्यालयात तपासणी आली. पुढच्या रविवारी नणंद आली. मग बारावीच्या परीक्षांचं काम लागलं. प्रत्येक कारण खरं आहे. यादी नवी केली की ही ओळ मी नव्या कागदावर उतरवून घेते.

रविवारी सकाळी पालीहून फोन येतो. "सूनबाई, आज हाय का धारूर?"

"आज नाही जमत, आबा. पुढच्या रविवारी नक्की."

"बरं बरं. तुजी कामं उरक. मला काय, म्या मोकळाच हाय."

परवा त्यांच्या सुनेची गाठ पडली. तिने सांगितलं, फोन करतात तेव्हा आबा अंघोळ करून, टोपी घालून, उपरणं मांडीवर घेऊन ओट्यावर बसलेले असतात. फोन झाला की थोडा वेळ तसेच बसतात, मग टोपी काढून खुंटीला लावतात.